‘माजी’ म्हणवून घेण्याचा हक्क

२३ ऑक्टोबर ही तारीख मला हॉकीमुळे पाठ आहे. १९६४ साली त्या दिवशी टोकियोत आपण पाकिस्तानला १-० असं हरवलं आणि चार वर्षांपूर्वी रोममध्ये गमावलेलं ऑलिंपिकचं सुवर्ण परत आणलं. गोल मोहिंदरलालचा, आणि आपल्या गोलमध्ये शंकर लक्ष्मण. त्या संघात हरिपाल कौशिक होते. त्यांच्यासाठी ही तारीख आधीपासूनच निराळी होती, हे मला फार उशिरा कळलं. बरोबर दोन वर्षं आधी, २३ ऑक्टोबर १९६२ ला, ते तवांगच्या वर बुमलाच्या बाजूला शीख रेजिमेंटच्या एका कंपनीचं नेतृत्व करत होते. त्याच दिवशी त्याच कंपनीतले सुभेदार जोगिंदरसिंग चिन्यांशी शेवटपर्यंत लढले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. कौशिकांना वीरचक्र मिळालं. ज्या हातांनी १९५६ मध्ये मेलबर्नला स्टिक धरली, त्यांनीच १९६२ मध्ये बंदूक धरली आणि १९६४ मध्ये पुन्हा स्टिक. साठ वर्षं हॉकी बघतो आहे, पण कौशिकांचं नाव आपल्या घरांत किती जणांना ठाऊक आहे, असं विचारलं तर मला मान खाली घालावी लागते.

शंकर लक्ष्मण तर आपल्याच पलटणीचे. मूळचे महूचे, पण नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत. तीन ऑलिंपिक खेळले, त्यांत दोन सुवर्ण आणि एक रौप्य. १९६५ च्या युद्धाचा शस्त्रसंधी सप्टेंबरात झाला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हा मराठा पलटणीचा जवान भारताचा कर्णधार म्हणून पाकिस्तानसमोर उभा राहिला. गोलकीपर असून कर्णधार. जादा वेळेत आपण १-० नं जिंकलो. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली, कॅप्टन म्हणून ते निवृत्त झाले. आणि २००६ साली महूला पायाच्या गँगरिननं गेले. अखेरच्या दिवसांत त्यांच्या उपचारांसाठी पैशांची ओढाताण होती, याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ज्या पायांनी गोल अडवले तोच पाय सडत गेला. ती बातमी वाचल्यावर मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण हॉकी नाही. या वर्षाच्या अखेरीपासून अग्निपथ या चार वर्षांच्या सैन्यभरती योजनेतल्या पहिल्या तुकडीच्या मुलांची, म्हणजे अग्निवीरांची, चार वर्षं भरू लागतील, आणि आम्ही नाशिकरोडची माणसं ते फार जवळून बघणार आहोत. आर्टिलरी सेंटर आमच्या दाराशी आहे. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या तावदानांना कळतं. माझी सबंध नोकरी प्रेसमध्ये गेली; नोटा छापणारे आणि तोफा चालवणारे एकाच बाजारात भाजी घेतात असं हे गाव आहे. सैनिक आमच्यासाठी फक्त २६ जानेवारीच्या संचलनातला माणूस नाही. तो शेजारी आहे.

माझे शेजारी हवालदारकाका होते. तोफखान्यात सतरा वर्षं काढून आलेले, १९६५ आणि १९७१ दोन्ही पाहिलेले. त्यांच्या घरावर दोनच ओळींची पाटी होती. वर नाव आणि खाली ‘माजी सैनिक’. घराला रंग दोन-दोन दिवाळ्या लागत नसे, पण ती पाटी दर दसऱ्याला ते स्वतः रंगवत. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरच्या विश्वचषकाची फायनल आमच्या रेडिओवर ऐकायला ते आले होते. जसदेवसिंगांचा आवाज, आधी पाकिस्तानचा गोल, मग सुरजितसिंगनं साधलेली बरोबरी, मग अशोककुमारचा तो फटका आणि चेंडू आत गेला की नाही यावरून झालेला गोंधळ. अंपायरनं गोल दिला. ध्यानचंदांच्या मुलाच्या गोलवर आपण विश्वविजेते झालो. आम्ही पोरं उड्या मारत होतो आणि काका रेडिओला उजवा कान लावून विचारत होते, “काय झालं? दिला का गोल?”

डाव्या कानानं त्यांना ऐकूच येत नसे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “तोफेजवळ उभं राहिलं की एक कान तोफेचा होतो रे.” त्या काळी कानात कापसाचे बोळे घालून गोळाफेक चाले. फौज सोडताना त्यांचं वय अजून चाळिशीच्या आत होतं. पेन्शन हाती आली ती घर चालण्यापुरती नव्हती. मग अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि वीस वर्षं तिथे बसले. कानासाठी त्यांनी अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज केला होता. उत्तर आलं की बहिरेपणाचा सेवेशी संबंध सिद्ध होत नाही. त्यांनी दुसरा अर्ज केला नाही. “तोफेनं लिहून दिलं नाही मला,” एवढंच म्हणाले. पुढे ते गेल्यावर काकूंच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मी त्यांच्याबरोबर एका कार्यालयाच्या पायऱ्या चौदा महिने झिजवल्या. एका कागदावर काकूंचं नाव माहेरच्या पद्धतीनं होतं, दुसऱ्यावर सासरच्या. माणूस युद्धावर गेला होता याविषयी कुणाला शंका नव्हती. त्याची बायको तीच का, याविषयी होती.

तरीही काकांकडे एक गोष्ट होती. ते माजी सैनिक होते. त्या दोन शब्दांमागे पेन्शन होती, लष्करी कॅन्टीन होतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव होतं, २००३ पासून माजी सैनिकांची आरोग्य योजना आली तिचं कार्ड होतं. अपुरं होतं, वेळेवर नव्हतं, पण हक्काचं होतं. भांडायला जागा होती.

आता अग्निवीराचं बघा. साडेसतरा ते एकवीस वर्षांचा मुलगा भरती होतो. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, मग ३३, मग साडेछत्तीस, चौथ्या वर्षी ४० हजार. चार वर्षांनी त्यांच्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. बाकीचे सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी येतात. हा आकडा ऐकायला मोठा आहे, आणि सभांमधून तो मोठ्यानं सांगितलाही जातो. पण हिशेब मांडून पाहावा. दर महिन्याला मुलाच्या पगारातले ३० टक्के कापून या निधीत जातात. पहिल्या वर्षी महिना ९,०००, दुसऱ्या वर्षी ९,९००, मग १०,९५०, मग १२,०००. चार वर्षांत त्याचे स्वतःचे ५ लाख २ हजार होतात. सरकार तेवढेच घालतं आणि वर व्याज. म्हणजे ज्याला निरोपाची भेट म्हणतात तिचा जवळपास अर्धा भाग मुलानंच साठवलेला आहे. ग्रॅच्युइटी नाही. पेन्शन नाही. आरोग्य योजनेचं कार्ड नाही, कॅन्टीन नाही. आणि योजनेच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की त्याला माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

माझं म्हणणं या शेवटच्या वाक्यापुरतं आहे. पेन्शन द्यावी की नाही हा पैशांचा वाद आहे आणि त्यात दोन बाजू आहेत, हे मी मान्य करतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी होते, त्यांतले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निव्वळ पेन्शनचे. दर चार रुपयांतला जवळपास एक रुपया निवृत्तांवर जात असेल तर नव्या तोफा, नवी विमानं कशातून घ्यायची, असं विचारणारा माणूस देशद्रोही नाही. फौज तरुण असावी हेही खरं. डोंगरावर चढणाऱ्या पलटणीचं सरासरी वय ३२ वरून २६ वर आलं तर ते चांगलंच. समान हुद्दा समान निवृत्तिवेतनासाठी २०१५ मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या वृद्ध सैनिकांच्या बाजूनं मी होतो आणि आजही आहे, पण तिजोरीला तळ असतो हे मला कळतं. मात्र सैनिकाला ‘माजी सैनिक’ म्हणायला तिजोरीतला एक रुपयासुद्धा लागत नाही. मग तो शब्द का नाकारला?

कारण त्या शब्दाबरोबर नोंद येते, आणि नोंदीबरोबर जबाबदारी येते. नोंद असली की उद्या कुणी विचारू शकतो, या मुलाचं पुढे काय झालं? नोंदच नसली तर विचारणाराही नाही.

हॉकीत आता खेळाडू सतत आत-बाहेर होतात. चार-पाच मिनिटं जीव तोडून पळायचं, मग बाकावर बसून श्वास घ्यायचा, तोवर दुसरा आत. गोलकीपर सोडला तर सहसा कुणी सबंध साठ मिनिटं मैदानावर राहत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि आपण दोन तृतीयांश सामना दहा जणांत काढला, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याची मिनिटं किती वाढली, हे ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना सांगायला नको. रोहिदासला उपांत्य सामन्यातही खेळता आलं नाही. तरी कांस्य त्याच्या गळ्यात पडलं आणि तो ऑलिंपियन म्हणूनच ओळखला जातो, जन्मभर. तू किती मिनिटं खेळलास त्यावर पदकाचा तुकडा तोडून देतो, असं कुणी त्याला म्हटलं नाही. फौजेत चार वर्षं म्हणजे चार मिनिटं नव्हेत. सियाचीनला, नियंत्रण रेषेवर, तोफेच्या मागे उभं राहण्याची वर्षं आहेत ती, आणि गोळा कुणाची सेवा किती झाली हे बघून फुटत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे देवळालीतच सरावाच्या वेळी तोफेचा गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. आम्ही आवाजाला सरावलेली माणसं. नेहमीचाच आवाज म्हणून त्या दिवशीही कुणी मान वर केली नसेल. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी नियंत्रण रेषेवर मुरली नाईक गेला, तोही अग्निवीर. मूळचा आंध्रचा, पण वाढला घाटकोपरला. कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या घरी ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान येतं, आणखीही काही रकमा येतात. ही मदत थोडी नाही आणि तिला थोडी म्हणणं बरोबर होणार नाही. पण शेजारच्या खंदकातल्या कायम जवानाच्या घरच्यांना जी कुटुंब पेन्शन मिळते, ती अग्निवीराच्या आईवडिलांना मिळत नाही. मुरलीच्या आईला त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. एकाच तोफमाऱ्यात दोघे पडले तर दोन घरांना दोन कायदे लागतात. हा भेद मला पटवून सांगू शकेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि फौजेतल्या ज्यांना ज्यांना मी विचारलं ते गप्प राहिले.

दुसरी गोष्ट वेळेची. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे. जिथे प्यायला टँकर येतो त्या गावचा मुलगा २०१२ मध्ये फौजेत गेला, तिथे त्याच्या हातात वल्हं आलं, २०१६ ला तो रिओ ऑलिंपिकला पोचला आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यानं सुवर्ण मिळवलं. सुवर्ण आलं ते सहाव्या वर्षी. चारच वर्षं मिळाली असती तर? तो २५ टक्क्यांत बसला असता असं म्हणता येईल, कदाचित बसलाही असता. पण माणूस कशात चांगला आहे हे कळायलाच चार वर्षं जातात. ध्यानचंद १९२२ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले होते. ते पहिलं ऑलिंपिक खेळले १९२८ ला. सैन्यानं त्यांना वेळ दिला म्हणून जगाला ध्यानचंद मिळाले. म्हणून २५ टक्क्यांची मर्यादा वाढवून निम्म्यावर न्यावी, असं माझं मत आहे. तोफा, रडार, क्षेपणास्त्रं हाताळणारा हात चार वर्षांत तयार होतो आणि नेमका तयार झाला की आपण त्याला घरी पाठवतो.

इथे देवळालीची एक जुनी गोष्ट सांगतो. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात आणि तो शब्द आपल्या देवळालीवरून गेला आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी इथल्या छावणीत येत. मुंबईहून बोटी सुटत त्या फक्त थंडीच्या मोसमात. अवेळी आलेल्याला महिनोन्‌महिने इथे पडून राहावं लागे. हाताला काम नाही, डोक्याला काही नाही, उन्हाळा, हिवताप, दारू. त्यातले कित्येक भ्रमिष्ट झाले. ‘डूलॅली टॅप’ म्हणत त्याला. टॅप म्हणजे आपला ताप. युद्धानं न मोडलेली माणसं रिकामपणानं मोडली, ती आमच्या या गावात. सैनिकाला सगळ्यात कठीण काय जातं, ते देवळालीइतकं कुणाला माहीत असावं? हवालदारकाका सुद्धा गेटवर बसून राहिल्यानंच लवकर म्हातारे झाले, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आणि आता दर वर्षी हजारो मुलं बावीस-पंचवीस वर्षांची होऊन घरी येतील. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, काही राज्यांनी पोलिसांत घ्यायचं म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण राखीव जागा जाहीर होणं आणि मुलाच्या हातात नेमणुकीचं पत्र पडणं यांत किती अंतर असतं, ते स्पर्धा परीक्षांच्या निकालांकडे डोळे लावून बसलेल्या कुठल्याही घराला विचारा.

गेल्या वर्षी आशिया चषकात आपल्या क्रिकेट संघानं पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन केलं नाही आणि विजय सैन्याला अर्पण केला. पहलगामच्या जखमा ताज्या होत्या. खेळाडूंना दोष देणारा मी नव्हे. पुढच्या महिन्यात जोहोर चषकात आपल्या ज्युनियर हॉकीच्या पोरांनी सामन्याआधी पाकिस्तानी पोरांना हातावर टाळ्या दिल्या, सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, आणि त्यावरूनही लोक चिडले. कुणी म्हणालं, सैनिकांचा अपमान झाला. मला तेव्हा शंकर लक्ष्मण आठवले. युद्धानंतर सव्वा वर्षानं पाकिस्तानसमोर मैदानात उतरलेला तो माणूस स्वतः सैनिक होता, आणि त्या सामन्यानं सैन्याचा मान कमी झाला असं कुणाला वाटलं नाही. पाकिस्तानशी खेळावं की नाही हे सरकारनं ठरवावं. मला त्यात हट्ट नाही. पण सैनिकाच्या नावानं रागावणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच विचारतो, ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला तुम्ही काही दिलंत का? तुमच्या सोसायटीच्या गेटवर बसलेल्या निवृत्त नाईकाला जेवायची सुट्टी मिळते का? अग्निवीराला माजी सैनिक म्हणावं असं पत्र तुमच्या खासदाराला कधी लिहिलंत? हस्तांदोलन नाकारणं एका संध्याकाळचं काम आहे. सैनिक घरी परत येतो त्यानंतर तो चाळीस-पन्नास वर्षं आपल्यात राहतो.

१९७२ मध्ये पॅरालिंपिकचं सुवर्ण जिंकणाऱ्या मुरलीकांत पेटकरांना, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेल्या आपल्या सांगलीच्या जवानाला, पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. शेहेचाळीस वर्षांनी. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या हद्दीत पडले ते परत आलेच नाहीत, आणि राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे लग्नाला दोन वर्षंही झालेली नसताना वाट बघत राहिल्या, दशकानुदशकं. अशा उशिरांची यादी आपल्याकडे लांब आहे. तिच्यात अग्निवीरांची भर पडू नये म्हणून अजून वेळ हातात आहे, म्हणून हे आत्ता लिहितो आहे.

नाशिकला दिल्लीची वाट बघण्याची गरज नाही. दिल्लीनं दर्जा देईपर्यंत जिल्हा प्रशासनानं परतलेल्या प्रत्येक अग्निवीराची वेगळी नोंदवही ठेवावी, सातपूर-अंबडच्या उद्योजकांनी ती मागवून घ्यावी. तोफखान्यातून आलेल्या मुलाला मोजमाप येतं, यंत्र येतं, शिस्त येते, रात्र जागता येते. त्याला गेटवर बसवू नये, मशीनवर घ्यावं. महानगरपालिकेनं आपल्या क्रीडांगणांवर त्याला प्रशिक्षक म्हणून नेमावं. पहाटे लॅम रोडला, सिन्नरच्या रस्त्याला सोळाशे मीटरचा सराव करत पळणारी भरतीची पोरं रोज दिसतात. त्यांना पळवायला त्याच्याहून योग्य माणूस कोण?

आमच्या गल्लीतला एक मुलगा पहिल्या तुकडीतला आहे. तोफखान्यातच. हवालदारकाकांच्या त्या पाटीखाली क्रिकेट खेळून मोठा झाला. गेल्या सुट्टीत आला तेव्हा मी त्याच्याशी बोलत होतो आणि त्यानं दोनदा मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. डॉक्टरांना दाखवलंस का, म्हणून मी विचारलं. म्हणाला, “आत्ता नको आजोबा, आधी पंचवीस टक्क्यांचं काय ते कळू दे.”